जादा ड्युटी, बुडालेली सुट्टी आणि आपलं शरीर



दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांमध्ये ‘सरकारी’ किंवा ‘पालिकेचं’ काम करणारं माणूस नाही, असं घर क्वचितच असेल. कुणी महापालिकेच्या झाडलोटीत आहे, कुणी कचऱ्याच्या गाडीवर, कुणी रुग्णालयात आया, वॉर्डबॉय, सिस्टर. कुणी पोलिसात, कुणी बसवर, कुणी आशाताई. आम्ही काही परिचारिका मिळून वस्तीत बीपी आणि शुगर तपासतो, तेव्हा यातलीच माणसं समोर बसतात. बीपी वाढलेलं दिसलं की आम्ही मिठाचं विचारतो, तंबाखूचं विचारतो आणि मग विचारतो, “झोप किती झाली?” उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. “सिस्टर, काल डबल झाली. पुढचा आलाच नाही.”

त्यावर आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. “डबलचे पैसे मिळाले का? नाहीतर बदली सुट्टी?” इथे मात्र माणूस गप्प होतो किंवा हसतो. “सरकारी कामात कसला ओव्हरटाईम, सिस्टर!”

हे आरोग्याचं पान आहे. मग इथे ओव्हरटाईमचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण गोळी लिहून दिली आणि त्या माणसाला पुन्हा सोळा तास उभं केलं, तर गोळी काय करणार? म्हणून या महिन्यात जादा तासांचा शरीराशी असलेला हिशोब आणि पगाराशी असलेला हिशोब, दोन्ही एकत्र मांडत आहोत.

जादा तास शरीरात कुठे जमा होतात

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांची तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी केली. जास्त तासवाल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात लांबलचक कामाच्या तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली, असा त्यांचा अंदाज आहे. आता आपला हिशोब करा. रोज बारा तास आणि सहा दिवस म्हणजे ७२ तास. प्रवास वेगळा.

हे होतं कसं? काम लांबलं की शरीर ताणाच्या अवस्थेतच राहतं. नाडी आणि रक्तदाब झोपेत खाली यायला हवेत, पण झोपच कमी पडली तर ते पुरेसे खाली येत नाहीत. भूक लागण्याचं आणि साखर पचवण्याचं चक्र बिघडतं. वेळेवर जेवण नाही, म्हणून चहा-बिस्किट, वडापाव. जागं राहायला तंबाखूची चिमूट. वर्षं जातात आणि चाळिशीत बीपी, शुगर दोन्ही एकदम सापडतात. रात्रपाळीचं आणखी वेगळं. रात्रपाळीच्या कामामुळे माणसाला बहुधा कर्करोग होऊ शकतो, अशा गटात कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते २००७ मध्ये घातलं आणि २०१९ मध्ये तपासून तिथेच ठेवलं. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असं नव्हे. पण रात्रीच्या कामाला रात्रीची किंमत आणि नंतरची विश्रांती द्यायलाच हवी, एवढं त्यातून नक्की कळतं.

बायांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी दिसतात, ज्या कुणी बोलत नाही. रस्त्यावर झाडताना जवळपास शौचालय नसतं, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, वारंवार संसर्ग. तासन्‌तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला वेळ मिळत नाही. आणि घरी पोचल्यावर पाण्याची रांग, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास. तिची डबल ड्युटी कामावर संपतच नाही.

थकवा एकट्या कामगाराला मारत नाही, इतरांनाही मारतो. अमेरिकेतल्या परिचारिकांवरचा २००४ मधला एक अभ्यास सांगतो की पाळी साडेबारा तासांच्या वर गेली की चूक होण्याची शक्यता तिप्पट होते. चुकीचा डोस, चुकीचा रुग्ण, स्वतःच्या बोटात घुसलेली सुई. १९९७ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात सतत १७ तास जाग्या असलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंद झालेले दिसले. आपल्या देशात गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे डबल ड्युटी संपवून पहाटे मोटरसायकलवर ठाणे-बेलापूर रस्त्याने घरी येणारा आपला भाऊ दारूचा थेंबही न पिता दारू प्यायल्यासारखा गाडी चालवत असतो.

आठ तास आणि आठवड्याची सुट्टी कुणी मिळवली

रविवारची सुट्टी आकाशातून पडली नाही. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० ला ती मिळाली.

कामाच्या तासांचं तसंच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तोपर्यंत १९३४ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम घेता येत होतं. बाबासाहेबांच्या मजूर खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ तासांवर आलं आणि जादा कामाला दुप्पट दर ठरला. हाच दुप्पट दर पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात आणि किमान वेतनाच्या व्यवस्थेत आला.

दुप्पट का, हे नीट समजून घ्या. जादा तासाला साधाच दर असता तर मालकाला नवा माणूस नेमण्यापेक्षा जुन्यालाच पिळणं सोपं पडलं असतं. दुप्पट दर लागला की मालक विचार करतो, यापेक्षा आणखी एक माणूस घेतलेला बरा. म्हणजे हा दर थकलेल्याला विश्रांती मिळावी आणि बेकाराला काम मिळावं, या दोन्हीसाठी आहे. ओव्हरटाईमचे पैसे बुडतात तेव्हा एका घरातला माणूस आजारी पडतो आणि शेजारच्या घरातला पोरगा बेकार राहतो.

संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी आहे. आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच आहे. आणि कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तास काम आणि दुप्पट दरातून सूट दिली, तेव्हा १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा कामाचे पैसे द्यायला लावले. महामारी आली म्हणून कामगाराचा हक्क विरघळत नाही, हा त्याचा अर्थ.

आधी ओळखा, तुम्ही कोणत्या रांगेत आहात

‘सरकारी काम’ असं आपण सरसकट म्हणतो, पण जादा तासांच्या बाबतीत त्यात तीन रांगा आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. इथेच बहुतेकांची गफलत होते.

पहिली रांग कायम कर्मचाऱ्यांची. यांना वाटतं, कारखान्यातल्याला दुप्पट मिळतो तर आम्हालाही मिळायला हवा. पण तसं आपोआप होत नाही. नोटा आणि नाणी बनवणारं केंद्र सरकारचं एक महामंडळ आहे. नाशिकरोडचे छापखाने आणि मुंबईची टांकसाळ त्याचीच. तिथल्या सुपरवायझरांनी कारखाना कायद्याप्रमाणे दुप्पट ओव्हरटाईम मागितला. मुंबईच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारी सेवक सेवानियमांनी बांधलेला असतो, त्याचा पूर्ण वेळ सरकारच्या हाती असतो, त्याला वेतन आयोगासारखे इतर लाभ मिळतात, म्हणून सेवानियमात दुप्पट भत्ता नसेल तर तो मागता येणार नाही.

हा निकाल आपल्याला आवडो न आवडो, तो माहीत हवा. कायम कर्मचाऱ्याने “कायद्याने दुप्पट द्या” म्हणून भांडण्याआधी आपले सेवानियम आणि आपल्या खात्याची परिपत्रकं वाचावीत. बदली सुट्टी, रात्रपाळीनंतरचा ऑफ, सुट्टीच्या दिवशी कामाचा मोबदला यातलं जे काही तिथे लिहिलं असेल, तो तुमचा दावा. आणि लिहिलं नसेल तर ते लिहून घेणं, हे संघटनेचं काम. “पूर्ण वेळ सरकारच्या हाती” याचा अर्थ शरीरही सरकारच्या हाती, असा होत नाही.

दुसरी रांग कंत्राटी कामगारांची. नवी मुंबई स्वच्छतेत देशात नावाजलेलं शहर आहे. २०२० च्या आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते तिसरं आलं. हा नंबर ज्या हातांनी आणला, त्यातले हजारो हात ठेकेदाराकडचे आहेत. गंमत अशी की ज्यांची नोकरी सगळ्यात कच्ची, त्यांचा ओव्हरटाईमचा कायदा सगळ्यात पक्का आहे. ज्या कामाला सरकारने किमान वेतन ठरवून दिलं आहे, त्या कामात ठरलेल्या तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर द्यावा लागतो. १९४८ चा किमान वेतन कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने नव्या कामगार संहिता लागू केल्या. पण दुप्पट दर तिथेही कायम आहे. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक, म्हणजे ज्या पालिकेचं किंवा खात्याचं काम आहे, ते जबाबदार ठरतं. “ठेकेदाराला विचारा” हे साहेबाचं उत्तर पूर्ण उत्तर नाही.

तिसरी रांग मानधनावरच्यांची. आशाताई, अंगणवाडी सेविका. यांना सरकार कर्मचारी मानतच नाही, ‘स्वयंसेविका’ किंवा ‘मानसेवी’ म्हणतं. मग तासच मोजले जात नाहीत, तर जादा तास कुठले? रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन जाणारी आशा सकाळी नऊला सर्वेक्षणाला हजर असते. पण ही भिंतही हलते आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. मुंबई महापालिकेत तर सफाई कामगारांनाच एकेकाळी ‘स्वयंसेवक’ ठरवून मानधनावर राबवलं जात होतं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं.

दुप्पट म्हणजे नेमके किती

हा हिशोब घरातल्या दहावीच्या मुलाकडून एकदा करून घ्या. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचा दर त्यात घाला.

समजा, रोजची मजुरी ८०० रुपये. भागिले आठ, म्हणजे तासाला १०० रुपये. जादा तासाचा दर त्याच्या दुप्पट, २०० रुपये. आता आठवड्यात सहा दिवस रोज बारा तास काम झालं, तर एकूण ७२ तास. त्यातून ४८ वजा केले की जादा तास २४. गुणिले २०० म्हणजे ४,८०० रुपये. आणि आठवड्याची साधी मजुरी किती? सहा गुणिले ८००, तीही ४,८०० रुपये!

म्हणजे बारा तासांची ड्युटी नियमित करणाऱ्याचा पगार आठ तासवाल्याच्या बरोबर दुप्पट व्हायला हवा. तुमच्या घरात बारा तास काम करून आठ तासांचाच पगार येत असेल, तर दर महिन्याला एक अख्खा पगार बुडतो आहे. तो पोरांच्या फीचा पैसा आहे, औषधाचा पैसा आहे, पावसाळ्यात पत्रा बदलायचा पैसा आहे.

थोड्या थोड्या तासांचंही असंच. रुग्णालयात हँडओव्हर नावाचा प्रकार असतो. पाळी दोनला संपते, पण पुढच्या सिस्टरला रुग्ण समजावून, औषधं मोजून, वही पूर्ण करून निघेपर्यंत अडीच वाजतात. रोजचा अर्धा तास म्हणजे २६ दिवसांचे १३ तास. आम्ही वर्षानुवर्षं हे तास दिले, ते कुठल्याच कागदावर नाहीत. सफाईत हजेरी शेडवर तासभर आधी बोलावणं, गाडी बिघडली म्हणून दुपारपर्यंत थांबवणं, हेही तेच.

बदली सुट्टी: उधारीची मुदत असते

सुट्टीच्या दिवशी किंवा जादा पाळीत काम केलं की त्याबदली दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची, याला कुणी बदली सुट्टी म्हणतं, कुणी सीओ. पैसे मिळत नाहीत तिथे निदान ही सुट्टी तरी मिळावी, असा हिशोब. पण प्रत्यक्षात काय होतं? “तुझे सीओ पेंडिंग आहेत, स्टाफ आला की देऊ.” स्टाफ येत नाही. आम्ही जिथे काम केलं, अशा एका रुग्णालयात सीओची वहीच बदलली आणि जुन्या वहीतल्या सुट्ट्या तिच्याबरोबर गेल्या.

शरीराच्या दृष्टीने बदली सुट्टी पैशांपेक्षा मोलाची आहे, पण वेळेवर मिळाली तरच. सलग दोन पाळ्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालेली सुट्टी म्हणजे विश्रांती. सहा महिन्यांनी मिळालेली सुट्टी म्हणजे नुसता हिशोब. कायद्यालाही हे कळलेलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची भरपाई त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी, अशी मुदत घातलेली होती. तुमच्या खात्याला तो कायदा लागू नसला तरी मुदत मागायला हे चांगलं उदाहरण आहे. संघटनेने मागणी करताना “सीओ द्या” एवढंच म्हणू नये. “किती दिवसांत द्याल आणि नाही दिला तर पैसे किती द्याल” हेही लेखी मागावं.

१४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा अशा दिवशी अत्यावश्यक सेवेतले आपले लोक कामावर असतात. वस्तीत मिरवणूक निघते आणि घरची सिस्टर वॉर्डात असते. रुग्णाला सोडून यावं, असं कुणी म्हणणार नाही. पण त्या दिवसाच्या बदल्यात तुमच्या नियमात जे बसतं, ते मागायला लाजू नये.

सुट्टी सगळ्यांची वाढली, यांची सोडून

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि शनिवार-रविवार सुट्टी आली. चांगली गोष्ट आहे. पण रुग्णालयं, पोलीस, अग्निशमन, सफाई अशा सेवांना तो निर्णय लागू नाही. म्हणजे टेबलावरच्या कामाला दोन दिवसांची विश्रांती आणि कचरा उचलणाऱ्याला, रुग्णाची घाण काढणाऱ्याला एकच, तीही बुडण्याची शक्यता. ज्या कामात आपला समाज जास्त, नेमकी तीच कामं ‘अत्यावश्यक’ कशी ठरतात आणि त्यांनाच विश्रांती कमी का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

उलट वारंही सुटलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांत दिवसाला बारा तासांपर्यंत आणि दुकानांत दहा तासांपर्यंत काम घेता यावं, असा निर्णय केला. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाईमची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवली. टीटीसीच्या कारखान्यांत जाणारी पोरं आपल्याच तुर्भे, रबाळे, दिघ्याची आहेत. तिथेही जादा कामाला दुप्पट दर आणि कामगाराची लेखी संमती लागते, हे त्यांना सांगा. कोरा फॉर्म सही करून देऊ नका.

“आठ तासांत काम होतच नाही” असं साहेब म्हणतात. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तीही एका पोलीस शिपायानेच बसवलेल्या वेळापत्रकावरून, आणि पुढे ती इतर ठाण्यांतही गेली. वेळापत्रक बसवायची इच्छा असली तर वाट निघते.

आता करायचं काय

एक वही करा. साधी, शाळेची. रोज चार गोष्टी लिहा: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कुणी थांबायला सांगितलं. जमलं तर शेडवरच्या किंवा वॉर्डातल्या हजेरीचा फोटो काढा. थांबायला सांगणारा मेसेज मोबाईलवर आला असेल तर तो पुसू नका. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीला सांगा, ती लिहील. वर्षभराने ही वही तोंडी तक्रारीपेक्षा शंभरपट बोलते.

पगारपत्रक मागा. वेतन संहितेप्रमाणे पगारपत्रक देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात दिवस किती, जादा तास किती, कपात किती, हे वाचा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून ठेकेदाराने पालिकेला दिलेली हजेरी आणि पगाराची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एकट्याने जाऊ नका. दोन-चार जणांच्या सह्यांचा अर्ज करा, तारखेसह पोच घ्या. कंत्राटी कामगारांसाठी ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय आहे. राज्य सरकारी कायम कर्मचाऱ्यांसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. वेतन संहितेखाली पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तो संघटनेलाही करता येतो आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. जुन्या किमान वेतन कायद्यात सहाच महिन्यांची मुदत होती. तुमचा दावा आता कोणत्या कायद्याखाली बसतो, ते कार्यालयात विचारूनच अर्ज भरा आणि दिवस घालवू नका.

वकिलाच्या फीला घाबरू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातीत समावेश आहे, हे लक्षात ठेवा आणि दाखला जपून ठेवा.

गरोदर ताईंनी हे लक्षात ठेवावं: कायद्याप्रमाणे बाळंतपणाआधीच्या शेवटच्या दहा आठवड्यांत तुम्ही विनंती केली तर जड काम किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम तुम्हाला देता येत नाही. विनंती लेखी करा.

आणि घरात?

रात्रपाळीहून आलेल्या माणसाला झोपू द्या. दहा बाय बाराच्या खोलीत हे सोपं नाही, आम्हाला माहीत आहे. पण खिडकीला जाड गडद कापड लावता येतं, टीव्ही बंद ठेवता येतो, पोरांना विहारात किंवा अभ्यासिकेत पाठवता येतं. पाणी भरणं आणि स्वयंपाक त्या दिवशी दुसऱ्याने करावा. दुसऱ्याने म्हणजे सासूबाईंनीच नव्हे, नवऱ्यानेही. बाई रात्रपाळीहून आली तर तिलाही तेवढीच झोप लागते, जेवढी पुरुषाला.

कामावर पाण्याची बाटली न्या आणि प्या. डब्यात भाकरी-भाजी, उसळ, मूठभर शेंगदाणे ठेवा. रात्री दोननंतर जड खाऊ नका. डबल ड्युटी झाली तर गाडी स्वतः चालवू नका, बसने किंवा ट्रेनने या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासावी. गोळी चालू असेल तर पाळी बदलली म्हणून ती चुकवू नका. वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना विचारा.

ही लक्षणं दिसली तर “झोपला की बरं वाटेल” म्हणून थांबू नका: छातीत दाबल्यासारखं दुखणं, दम लागून घाम फुटणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

पुढच्या रविवारी विहारात बीपी तपासायला याल तेव्हा तुमची हजेरीची वही आणि मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं बरोबर आणा. बीपी आम्ही मोजू. जादा तासांची बेरीज शेजारी बसून आपण सगळे मिळून करू.